दोन ठिपके, एक फुली

माझ्या नातीला ‘ससा’ हा शब्द येतो, पण ती तो वापरत नाही. लेक-जावई गेली काही वर्षं नेदरलँड्समध्ये आहेत. घरात मराठी, पाळणाघरात डच, अशी तिची दुहेरी वाढ चालू आहे. वय साडेतीन. ससा बागेत दिसो, टॉवेलवर दिसो की बिस्किटांच्या डब्यावर, तिच्या तोंडून एकच शब्द निघतो : नैंत्ये. पहिले दोन दिवस मला वाटलं, पोरीला काहीतरी खायला हवंय.

उलगडा लेकीने केला. डचमध्ये सशाला म्हणतात कोनैन. त्याला लाडाचं शेपूट जोडलं की होतो कोनैंत्ये, म्हणजे ससुला. आपण तान्ह्याचं तान्हुलं करतो, घराचं घरकुल करतो, तसाच हा ‘त्ये’. डच माणसं तो कशालाही लावतात, कॉफीच्या कपालासुद्धा. आणि ज्यांची जीभ अजून वळत नाही अशी पोरं त्या लांबलचक कोनैंत्येचं पुढचं डोकं उडवून टाकतात. उरतं ते नैंत्ये. बोबड्या बोलातला हा शब्द डिक ब्रुना या चित्रकाराने जसाच्या तसा उचलला आणि आपल्या चित्रपुस्तकांच्या सशाचं, आपल्या नायिकेचं, नाव म्हणून ठेवून दिला. बाकीचं जग तिला मिफी म्हणतं. ते नाव इंग्रजी अनुवादातून आलं.

नावाने नसेल, तरी चेहऱ्याने तुम्ही तिला ओळखता. उभे दोन कान, त्यांच्याखाली गोलसर डोकं, डोळ्यांच्या जागी दोन काळे ठिपके आणि नाक-तोंड मिळून एक फुली. एवढंच. भुवया नाहीत, गाल नाहीत, मिशा नाहीत. परीक्षेत चुकलेल्या गणितावर मास्तर मारायचे तसली फुली, आणि तिच्यावर जगातल्या कोट्यवधी मुलांचा जीव जडलेला. तिच्या मालिकेत ३२ पुस्तकं आहेत. ब्रुना यांची सगळी पुस्तकं धरली तर शंभराच्या वर. ५० हून अधिक भाषांत ती गेली आणि साडेआठ कोटींच्या आसपास प्रती खपल्या.

या दोन ठिपक्यांचं आणि एका फुलीचं घर युट्रेक्ट शहरात आहे, आणि तिथे आत जाऊन राहता येतं असं कळल्यावर आम्ही निघालो.

अ‍ॅमस्टरडॅमहून युट्रेक्ट आगगाडीने अर्ध्या तासाचा रस्ता. तिथले लोक त्या नावाचा उच्चार ‘उत्रेख्त’ असा घशातून खाकरून करतात. सगळीकडून दिसतो तो ‘डोम’ या चर्चचा ११२ मीटर उंच मनोरा. पण माझ्या नातीने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, कारण गावातल्या मुख्य बाजाराच्या रस्त्यावर पायी चालणाऱ्यांसाठी जो सिग्नल आहे, त्यात माणसाच्या आकृतीऐवजी नैंत्ये आहे. लाल असते तेव्हा उभी, हिरवी होते तेव्हा चालू लागते. आम्ही तो रस्ता तीनदा ओलांडला. पलीकडे काहीच काम नव्हतं.

संग्रहालय एका शांत गल्लीत आहे. अग्निएटनस्ट्राट हे गल्लीचं नाव, समोर शहराचं जुनं कलासंग्रहालय, सेंट्राल म्युझियम. २००६ मध्ये ही जागा ‘डिक ब्रुना हाउस’ या नावाने उघडली. तेव्हा भर चित्रकारावर होता. पुढे सगळं नव्याने मांडून फेब्रुवारी २०१६ मध्ये ते ‘नैंत्ये म्युझियम’ म्हणून पुन्हा उघडलं, आणि आता ते सरळ सरळ दोन ते सहा वर्षांच्या मुलांचं आहे. बाकीचे आपण, आई-बाबा, आजी-आजोबा, सोबत म्हणून आत सोडले जातो. तिकिटावर वेळ छापलेली असते, म्हणजे आत एकदम झुंबड उडत नाही.

आत दहा दालनं. दालनं कसली, पुस्तकाची पानंच उभी करून त्यांना छत घातलंय. लाल, पिवळा, निळा, हिरवा, असे सपाट, स्वच्छ रंग. सावली नाही, छटा नाही. नैंत्येचं घर आहे, त्यात स्वयंपाक करायचा. प्राणीसंग्रहालय आहे, डॉक्टरांची खोली आहे, रहदारीचे नियम खेळत शिकायची जागा आहे, आणि संग्रहालयाच्या आत एक संग्रहालयही आहे, जिथे मुलांनी स्वतः चित्रकार व्हायचं. सगळं त्यांच्या उंचीला. मला दर दोन मिनिटांनी कमरेत वाकावं लागत होतं, आणि तिसऱ्या दालनात लक्षात आलं की इथे अवघडायचं ते आपणच. एरवी हे जग नेमकं उलटं असतं. बेसिन उंच, दाराची कडी उंच, दुकानातला गल्ला उंच, आणि मूल सतत टाचा वर करून.

मी लहानपणी पहिलं संग्रहालय पाहिलं, त्याची आठवण राहिली ती काचेची आणि शिपायाची. काचेला नाक लावलं की शिपाई ‘ए, मागे हो’ म्हणायचा. संग्रहालय म्हणजे हात मागे बांधून चालायची जागा, हे मी आजही विसरू शकत नाही. इथेही पहिली दहा मिनिटं नातीला मीच दटावत होते. खास मुलांसाठी म्हणून पहिलं संग्रहालय १८९९ मध्ये न्यू यॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये निघालं. पण काच खऱ्या अर्थाने फुटली ती १९६० च्या दशकात बॉस्टनमध्ये. तिथल्या मुलांच्या संग्रहालयाची सूत्रं मायकेल स्पॉक या तरुणाकडे आली. आपल्या बालसंगोपनाच्या पुस्तकामुळे घराघरात पोचलेल्या डॉ. बेंजामिन स्पॉक यांचा हा मुलगा. त्याने वस्तू कपाटातून काढून मुलांच्या हातात दिल्या. आज जगभर जी ‘हात लावा’ संग्रहालयं दिसतात त्यांच्यामागे हा बदल आहे.

पण खरं सांगू का, काही तरी अफाट नवं पाहतोय असं मला वाटलंच नाही. नातीने खोटी अंडी खोट्या भांड्यात घातली, ढवळली, ‘गरम आहे हं’ म्हणून मला फुंकर घालायला लावली, आणि मी फुंकर घातलीसुद्धा. ही तर भातुकली. आमच्याकडे पितळेची होती, आणि गुळ-खोबऱ्यावर किंवा चुरमुऱ्यांवर निभावायची. ‘खोटं-खोटं’ हा शब्द आपण किती सहज वापरतो, पण विचार केला तर ती बुद्धीची केवढी मोठी उडी आहे! भांडं रिकामं आहे हे मुलाला पक्कं ठाऊक असतं, आणि त्यात खीर आहे हेही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी डोक्यात धरायच्या आणि गोंधळायचं नाही. साधारण दीड-दोन वर्षांच्या सुमाराला ही करामत सुरू होते, आणि ती कुणी शिकवावी लागत नाही.

मग प्रश्न असा, की भातुकली तर कुठेही मांडता येते, त्यासाठी या सशाचीच पुस्तकं का? याचं उत्तर मला डॉक्टरांच्या खोलीत मिळालं.

तिथे हृदयाचे ठोके ऐकायचा खेळ चालू होता. जवळच नैंत्येचं चित्र होतं. नात माझा हात घट्ट धरून म्हणाली, “आजी, ती घाबरलीये.” मी चित्राकडे पाहिलं. दोन ठिपके, एक फुली. पाच मिनिटांपूर्वी स्वयंपाकघरात हीच नात म्हणाली होती, “ती हसतेय बघ.” मी परत मागे जाऊन पाहून आले, इतकी मला शंका आली. चेहरा तोच. रेघेचाही फरक नाही. भीती नातीची होती, हसूही नातीचंच. सशाने फक्त जागा दिली होती.

रशियन चित्रपट-दिग्दर्शक लेव कुलेशोव यांनी शंभरेक वर्षांपूर्वी असाच एक प्रयोग केला होता. एका नटाचा निर्विकार चेहरा घ्यायचा. एकदा त्याला सूपच्या वाडग्याशेजारी जोडायचा, एकदा शवपेटीशेजारी, एकदा एका सुंदर स्त्रीशेजारी. दृश्य बदललं की त्या एकाच चेहऱ्यात बघणाऱ्याला भूक, शोक आणि वासना दिसायची. ब्रुनांनी तोच खेळ पाळण्यातल्या प्रेक्षकांसाठी मांडला. एक गोष्ट मात्र त्यांनी कटाक्षाने सांभाळली : नैंत्ये कायम तुमच्याकडे बघते. ती सायकलवर बसून उजवीकडे निघालेली असली, पाय पॅडलवर असले, तरी चेहरा सरळ समोर. शरीरशास्त्राच्या दृष्टीने हे अशक्य आहे, पण आजवर एकाही मुलाने तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

या साधेपणाला आणखी एक अंग आहे. मांडीवरच्या नवजात बाळाला जग धूसर दिसतं; वीस-तीस सेंटीमीटरवरचं काय ते जरा बरं. हे अंतर म्हणजे पाजताना आईच्या चेहऱ्याचं. रंग फिके, कडा पुसट, पण काळं-पांढरं ठळक असेल तर नजर ठरते. १९७५ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. जन्मून जेमतेम काही मिनिटं झालेल्या बाळांपुढून संशोधकांनी काही आकृत्या हलवल्या. डोळे-नाक-तोंड जागच्या जागी असलेली आकृती सरकू लागली की बाळं तिच्यामागे डोळे आणि मान वळवत. तेच अवयव विस्कटून काढले की तितकं लक्ष देत नसत. अजून एकही चेहरा धड न पाहिलेलं बाळ चेहऱ्याचा नकाशा घेऊन येतं! आणि तो नकाशा फार तपशिलाचा नाही. वर दोन ठिपके, खाली एक काहीतरी. ब्रुनांनी कुठलं संशोधन वाचून ससा काढला नव्हता. प्रयोग झाला तेव्हा ससा वीस वर्षांचा होऊन गेला होता. ते एकेक रेघ कमी करत गेले आणि माणसाला जन्मतः जेवढं लागतं तिथवर येऊन थांबले.

कमी करणं हा त्यांचा वारसा नव्हता, ते त्यांना धंद्याने शिकवलं. १९२७ मध्ये ते युट्रेक्टमध्येच जन्मले, एका प्रकाशकाच्या घरात. ‘ए. डब्ल्यू. ब्रुना’ ही घरची संस्था, आणि रेल्वे स्टेशनांवर त्यांचे पुस्तकांचे स्टॉल. आपल्याकडच्या व्हीलरच्या स्टॉलसारखे. वडिलांची इच्छा मुलाने धंदा बघावा ही. मुलाला चित्रं काढायची होती. अनुभवासाठी लंडन-पॅरिसला पाठवलं तर हा तिथे चित्रांच्या दालनांमधून हिंडत राहिला, मातीस आणि लेजे या चित्रकारांच्या चित्रांपुढे तासन्‌तास. शेवटी तडजोड झाली : त्याने घरच्याच पुस्तकांची मुखपृष्ठं करावीत. ‘काळी अस्वलं’ नावाची त्यांची खिशात मावणारी पुस्तकमाला होती. तिच्यासाठी आणि इतर पुस्तकांसाठी मिळून ब्रुनांनी सुमारे दोन हजार मुखपृष्ठं केली. जॉर्ज सिमेनॉनच्या मेग्रे या पोलीस अधिकाऱ्याच्या कथांना एक पाइप एवढंच पुरायचं. गाडी सुटायच्या बेतात आहे, प्रवाशाच्या एका हातात बॅग आहे, तेवढ्या दोन सेकंदांत पुस्तक दिसलं पाहिजे. तिथे कलाकुसरीला जागाच नसते.

ससा आला १९५५ मध्ये. एग्मॉन्ट-आन-झी या किनाऱ्यावरच्या गावी ब्रुना कुटुंब सुट्टीला गेलं होतं. वाळूच्या टेकड्यांत एक ससा उड्या मारत होता, आणि रात्री झोपताना लहानग्या मुलाला त्याचीच गोष्ट सांगितली गेली. त्या पहिल्या पुस्तकातला ससा आज पाहिला तर ओळखू येणार नाही. कान लोंबते, अंग कापडी बाहुलीसारखं. तो मुलगा की मुलगी हेही ब्रुनांनी ठरवलं नव्हतं. पुढे तिला फ्रॉक घालावासा वाटला आणि प्रश्न मिटला. १९६३ मध्ये त्यांनी तो नव्याने काढला. कान ताठ झाले, चेहरा समोर आला, आणि पुस्तकाचा आकारही ठरला : साधारण १६ सेंटीमीटरचा चौरस, लहान हातांत मावेल असा. डाव्या पानावर चार ओळी, उजव्या पानावर चित्र. अशी बारा चित्रं. बस. गेली साठ वर्षं तो साचा हललेला नाही.

संग्रहालयातून बाहेर पडून रस्ता ओलांडला की सेंट्राल म्युझियममध्ये त्यांची काम करायची खोली आहे. मूळची गावातल्याच दुसऱ्या गल्लीत होती. २०१५ पासून ती इथे जशीच्या तशी मांडून ठेवली आहे. नातीला तिथे करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून लेक तिला घेऊन बाहेर बसली आणि मी एकटीच गेले. रोज भल्या पहाटे उठून बायकोसाठी संत्र्याचा रस काढायचा, तिच्यासाठी एक छोटंसं चित्र काढायचं आणि सायकल मारत कामाच्या खोलीत यायचं, असा त्यांचा नेम होता. वयाची ऐंशी ओलांडेपर्यंत.

त्यांची पद्धत ऐकून मी चकित झाले. आधी पारदर्शक कागदावर कच्चं चित्र, पुन्हा पुन्हा, मनासारखं होईतो. एका पानासाठी अशी ढीगभर. मग तो कागद जाड चित्रकागदावर ठेवून पेन्सिलीने दाबून रेघ उमटवायची. नुसती खोलगट खूण. त्या खुणेवरून ब्रशने काळा रंग, अगदी संथ. त्यानंतर ती काळी रेघ पारदर्शक फिल्मवर घ्यायची आणि मागे रंगीत कागदाचे कात्रीने कापलेले तुकडे सरकवून बघायचं : इथे लाल की पिवळा? दोन-तीन रंग उचलून ठेवायचे, काढायचे. म्हणून तिथे रंग ‘भरलेला’ वाटत नाही, ठेवलेला वाटतो. आयुष्याच्या अखेरीस बाहेर जायची ताकद उरली नव्हती तेव्हा मातीसही रंगवलेले कागद कापूनच चित्रं करत होता, आणि वांस गावी त्याने घडवलेल्या छोट्या चर्चची ब्रुनांवर मोठी छाप होती.

त्या काळ्या रेघेकडे जवळून पाहा. मोबाइलवर किंवा पिशवीवर छापलेल्या सशात ते दिसणार नाही, मूळ चित्रात दिसतं. रेघ किंचित थरथरते. सरळ वाटणारी कानाची कड खरं तर बारीक बारीक दचकत वर गेलेली असते. ब्रुना म्हणायचे, ते माझ्या हृदयाचे ठोके आहेत. मला आमच्या वाड्यातली रांगोळी आठवली. छाप्याने काढलेली आणि चिमटीने काढलेली रांगोळी लांबून सारखीच. वाकून बघितलं की कळतं, कुठे हात थांबला, कुठे श्वास सोडला. हे चित्र संगणकावर अर्ध्या मिनिटात काढता येईल असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. काढता येईल. तो छापा होईल.

रंगही मोजके. लाल, पिवळा, निळा, हिरवा. पुढे कुत्रा आणि अस्वल आले म्हणून तपकिरी, हत्तीसाठी करडा. निळा ते जपून वापरत, कारण निळा गार असतो, लांब जातो. लाल-पिवळा जवळ येतो, ऊब देतो. म्हणजे पार्श्वभूमीचा रंग बदलला की गोष्टीचं हवामान बदललं. हे सगळं कुठून आलं, असा प्रश्न युट्रेक्टमध्ये पडू नये. याच गावात १९२४ मध्ये खेरीट रीटफेल्ड या वास्तुकाराने ट्रूस श्रोडर यांच्यासाठी एक घर बांधलं. आज ते जागतिक वारसा आहे. लाल, निळ्या, पिवळ्या पट्ट्या आणि पांढऱ्या-करड्या भिंती. श्रोडरबाईंना तीन मुलं होती, आणि मुलांनी मोठ्यांच्यातच वाढावं असा त्यांचा हट्ट. म्हणून वरच्या मजल्यावरच्या भिंती सरकत्या. दिवसा एक मोठी खोली, रात्री हव्या तेवढ्या लहान. सशाचं घर आणि हे घर एकाच मातीतून उगवलंय हे सांगायला कलासमीक्षक लागत नाही.

खूप लोकांना नैंत्ये जपानी वाटते. त्यात नवल नाही. जपानी अनुवाद १९६४ मध्येच निघाला, मोमोको इशी यांनी केलेला, आणि तिथे ती ‘उसाको-चान’ म्हणून लाडकी आहे. युट्रेक्टच्या या गल्लीत जपानी पाहुणे पुष्कळ भेटतात, अनेकदा बरोबर मूलही नसतं. ‘हॅलो किटी’ हे मांजर मात्र १९७४ चं, सशाहून बरंच धाकटं. पुढे त्या मांजराच्या कंपनीने कॅथी नावाचा एक ससा काढला आणि प्रकरण अ‍ॅमस्टरडॅमच्या कोर्टात गेलं. २०११ मध्ये जपानला भूकंप आणि त्सुनामीने झोडपलं तेव्हा दोन्ही बाजूंनी भांडण आवरतं घेतलं आणि खटल्यावर जाणारे पैसे मदतीला दिले. ब्रुनांनी त्यानिमित्ताने एक चित्र काढलं, रडणाऱ्या नैंत्येचं.

त्या अश्रूंबद्दल सांगायलाच हवं. नैंत्ये रडते तेव्हाही चेहरा बदलत नाही, फक्त अश्रू येतो. ब्रुना आधी बरेच अश्रू काढत, मग एकेक कमी करत जात, आणि शेवटी एकच ठेवत. एकच अश्रू सगळ्यात जास्त दुःखी असतो, असा त्यांचा हिशेब. पन्नास वर्षं हाच उद्योग केलेल्या माणसाचा हिशेब, त्यामुळे मी वाद घालत नाही.

संग्रहालयावर माझा आक्षेप एकच, तो दुकानाबद्दल. कमीत कमी रेघांत जगलेल्या सशाला इतक्या कप-बशा, मोजे, छत्र्या, चमचे आणि दिव्यांवर बसवलेलं पाहून जरा गुदमरायला झालं. अर्थात मीही एक दिवा घेतलाच. आणि कुणी मोठं माणूस एकटंच चित्रकलेच्या ओढीने निघालं असेल तर त्याने आधी समोरच्या खोलीत जावं. मुलांच्या दालनांत एकट्या मोठ्या माणसाला अगदी अवघडल्यासारखं होईल, आणि ते योग्यच आहे.

परतीच्या गाडीत मनात एक चाळा सुरू होता. आपल्याकडे माधुरी पुरंदरे यांची ‘राधाचं घर’ ही पुस्तकं आहेत. राधा, तिचे आई-बाबा, आजी-आजोबा, रोजचं साधं घर. त्या घराला दार काढलं तर? आत काय काय लागेल याची यादीच मी करू लागले : पाट, पोळपाट-लाटणं, दाराबाहेर चपलांची रांग, गॅलरीत वाळणारे कपडे, देवघरातली हाताला येईल अशी घंटा. चपलांच्या रांगेपाशी मी बराच वेळ थांबले. मोठ्यांच्या चपला घालून फटक-फटक चालायची मोकळीक असेल असं दालन! पुण्यातल्या बालभवनात दंगा करून आलेल्या पोरांना हे वेगळं समजवावं लागणार नाही.

रात्री झोपताना पुस्तक माझ्याकडे आलं. डच मला येत नाही, त्यामुळे मी चित्रं बघून मराठीत सांगते आणि नात चुका काढते. त्या रात्री तिने दुकानातून घेतलेलं नवं पुस्तक काढलं, लाडक्या ओमा प्लाउसचं. ओमा म्हणजे आजी, प्लाउस हे नैंत्येच्या घराण्याचं आडनाव. १९९६ मध्ये आलेलं हे पुस्तक. लेकीने दारातून मला खूण केली, हे नको. तोवर पहिलं पान उघडलं होतं.

या पुस्तकात आजी गेलेली आहे. आजोबा रडतात, आणि त्यांना रडताना नैंत्येने कधी पाहिलेलं नसतं. ओमा झोपल्यासारखी दिसते, पण झोपलेली नाही. मग तिला झाडांमध्ये पुरतात, आणि नात तिच्यापाशी रोपं नेऊन लावते, तिच्याशी बोलते. दोन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी, बारा चित्रांत. ‘देवाघरी गेली’, ‘तारा झाली’ असलं काही नाही. मी हे पुस्तक वाचून दाखवायला तयार होते का, असं कुणी मला त्या क्षणी विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. पण विचारणारी कडेवर बसलेली नव्हती, कुशीत होती, आणि बोट चित्रावर होतं.

“आजी, ही का रडते?”

मी सांगितलं. तिची ओमा मेली म्हणून. नातीने माझ्याकडे पाहिलं, मग सशाकडे. दोन ठिपके, एक फुली आणि डोळ्याखाली एक थेंब. तिने अंगठा चाटला आणि तो थेंब पुसायला लागली. दोनदा पुसलं, तिसऱ्यांदा जोरात. गेला नाही. तेव्हा तिने पान उलटलं.